तर्जनीचे १४ टक्के

कामावर झालेल्या इजेची भरपाई ठरवणाऱ्या कायद्याच्या परिशिष्टात माणसाच्या हाताचा एक तक्ता आहे. पूर्ण अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असे धरावे, तर्जनी गेली तर १४, मधले बोट गेले तर १२, अनामिका किंवा करंगळी गेली तर ७, आणि एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. मूळ कायदा १९२३ सालचा. नाशिकमध्ये हा तक्ता कुणी भिंतीवर लावलेला मी पाहिलेला नाही. पण सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत जिथे जिथे पत्रा दाबणाऱ्या प्रेस चालतात, तिथल्या जुन्या कामगारांना त्यातले आकडे तोंडपाठ असतात. ‘त्याचे किती टक्के निघाले?’ असे ते विचारतात, तेव्हा प्रश्न परीक्षेतल्या गुणांचा नसतो.

मी अनेक वर्षे एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली आहेत. हजेरी, रजा, अपघाताचे अहवाल आणि विम्याची कागदपत्रे हेच माझे काम होते. त्या टेबलामागे बसून माझे एक मत तयार झाले, ते असे की आजारी किंवा जायबंदी झालेल्या कामगाराला काय मिळेल, हे त्याची इजा किती मोठी आहे यावर फारसे ठरत नाही. त्याची नेमणूक कोणत्या प्रकारची आहे आणि त्याच्या पगाराचा आकडा कोणत्या रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे आहे, यावर ते ठरते. आणि पैशाचा हिशेब कसाबसा लागला तरी बरा होऊन आल्यावर त्याला पुन्हा काम मिळेल का, या प्रश्नाचे उत्तर खासगी क्षेत्रापुरते तरी आपल्या कायद्याने दिलेलेच नाही.

हिशेबापासूनच सुरुवात करू. एकाच शेडमध्ये, एकाच प्रकारच्या मशीनवर काम करणारे दोन कामगार घेऊ. दोघांचे वय ३०, दोघांचीही तर्जनी मुळापासून गेलेली. पहिल्याचा पगार २०,००० रुपये, दुसऱ्याचा २२,०००. पहिला कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ज्याला आपण सगळे ‘ईएसआय’ म्हणतो त्यात येतो. उपचार चालू असेपर्यंत त्याला सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के, ढोबळ हिशेबाने रोज ६०० रुपये मिळतात. जखम भरल्यावर वैद्यकीय मंडळाने १४ टक्क्यांचे कायमचे अपंगत्व ठरवले, तर त्या ६०० रुपयांचे १४ टक्के, म्हणजे रोजचे ८४ आणि महिन्याचे सुमारे २,५२० रुपये त्याला हयातभर मिळत राहतात, आणि महागाई पाहून त्यात अधूनमधून वाढही होते.

दुसऱ्याचा पगार २१,००० च्या वर असल्यामुळे तो या योजनेबाहेर आहे. त्याला भरपाईचा कायदा लागू होतो. त्या कायद्यानुसार मालकाने उपचाराचा खर्च द्यायचा आणि दर पंधरवड्याला मासिक वेतनाचा चौथा हिस्सा द्यायचा. पण हिशेबात धरायचे वेतन २०२० पासून १५,००० रुपयांवर थोपवलेले आहे, त्यामुळे २२,००० कमावणाऱ्याच्या हातात उपचाराच्या काळात महिन्याला ७,५०० रुपये येतात, तर २०,००० कमावणाऱ्याच्या हातात १८,०००. बोटाचा हिशेबही त्याच १५,००० वरून होतो. त्यांचे ६० टक्के म्हणजे ९,०००, त्याला कायद्याने वयानुसार ठरवलेला तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८, आणि त्याचे १४ टक्के, असे मिळून २,६२,०५५ रुपये एकदाच. ही रक्कम पहिल्याच्या पावणेनऊ वर्षांच्या निवृत्तिवेतनाएवढी भरते. त्यानंतर पहिल्याला मिळत राहते आणि दुसऱ्याचे संपलेले असते. शिवाय पहिल्याला देणारी एक सरकारी यंत्रणा आहे. दुसऱ्याला मात्र ज्याच्याकडे नोकरी करायची त्याच्याकडूनच वसुली करायची आहे. रक्कम देण्यास उशीर झाला तर १२ टक्के व्याज आणि निम्म्यापर्यंत दंड अशी कायद्याची तरतूद आहे, पण त्यासाठी दावा दाखल करावा लागतो, आणि चालू नोकरीत मालकाविरुद्ध दावा लावणारा कामगार माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

म्हणूनच ईएसआयबद्दल आपल्याकडे जी नाके मुरडली जातात, ती मला अर्धवट माहितीची वाटतात. कामगार ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के, एवढ्या वर्गणीत मिळणारे हे संरक्षण बाजारातली कोणतीही पॉलिसी देणार नाही. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के मिळतात. क्षयरोग, कर्करोग, अर्धांगवायू, गंभीर मनोविकार अशा ३४ दीर्घ आजारांच्या यादीतला आजार असेल आणि नोकरीचा व वर्गणीचा ठरलेला काळ भरलेला असेल, तर ८० टक्के, आणि तेही दोन वर्षांपर्यंत. कामावरच्या अपघाताला तर किमान वर्गणीची अटच नाही. कामाच्या पहिल्या दिवशी पहिल्या तासाला हात सापडला तरी लाभ लागू होतो. घरून कामावर येताना किंवा परत जाताना झालेला अपघात, त्याचा कामाशी संबंध जोडता येत असेल तर, २०१० च्या दुरुस्तीपासून कामावरचाच मानला जातो. श्रमिकनगरहून पहाटेच्या पाळीला दुचाकीवर निघालेला माणूस त्र्यंबक रोडवर पडला, तर त्याच्या घरच्यांना हे ठाऊक असायला हवे. बहुतेकांना ते ठाऊक नसते, आणि अपघात नुसता पोलिसांच्या कागदावर राहतो.

अडचण योजनेच्या बाहेर, शेडच्या दारात सुरू होते. बोट गेलेल्या हेल्परला जवळच्या खासगी दवाखान्यात नेऊन, बिल रोखीने भरून, ‘घरी पडला’ असे लिहवून घेण्याची पद्धत औद्योगिक वसाहतीत वावरलेल्या कुणालाही नवी नाही. असे करणारा मालक दर वेळी दुष्ट असतोच असे नाही. अनेकदा तो घाबरलेला असतो, कारण हेल्परची नोंदणीच झालेली नसते आणि आता इन्स्पेक्टर येईल या भीतीने तो कागद फिरवतो. कामगाराला वाटते, साहेबांनी दवाखान्याचे पैसे दिले, आणखी काय हवे. त्या सात-आठ हजारांच्या बिलात त्याचे हयातभराचे निवृत्तिवेतन विकले गेलेले असते. खरे पाहता योजना लागू असलेल्या कारखान्यात एखाद्याची नोंदणी राहून गेली, तरी विमा महामंडळाने त्याला लाभ देऊन मुख्य मालकाकडून वसूल करण्याची सोय कायद्यात आहे, आणि कंत्राटदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारीही मुख्य मालकावरच आहे. ‘तो आमचा नाही, कंत्राटदाराचा आहे’ हे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. ते टिकते ते फक्त कामगाराच्या अज्ञानावर.

आजारपणाच्या लाभाला मात्र वर्गणीची अट आहे, आणि ती अट कारखान्याचे कॅलेंडर डोळ्यांसमोर ठेवून घातलेली आहे. सहा महिन्यांच्या एका वर्गणी काळात ७८ दिवस भरावे लागतात. ऑक्टोबर ते मार्च भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ जानेवारी ते जूनमध्ये. कायम कामगाराला हे चक्र कळतही नाही. पण दिंडोरी-निफाडकडच्या एखाद्या द्राक्षांच्या पॅकहाउसला योजना लागू आहे असे धरा. तिथे रोजंदारीवर जाणारी बाई जानेवारीपासून मार्चअखेर एकही खाडा न करता गेली, तरी रविवार वगळता तिचे जेमतेम ७७-७८ दिवस भरतात, आणि हंगाम ३१ मार्चच्या रेषेवर मधोमध चिरला जातो. तिचे दिवस भरले तरी त्यांचा लाभ पावसाळ्यात मिळणार, आणि फेब्रुवारीत ती तापाने पडली तर या हंगामाची वर्गणी तिच्या उपयोगाची नाही. वर्गणी आजची आणि लाभ पुढचा, ही रचना टिकून राहणाऱ्या नोकरीची आहे, आणि नाशिक जिल्ह्यातले निम्मे काम टिकून राहणारे नाही. (निम्मे हा माझा अंदाज, मोजमाप म्हणून तो घेऊ नये.)

आता त्या २१,००० च्या रेषेकडे येतो. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून आहे. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ती २५,००० आहे. तेव्हापासून किमान वेतन वाढले, भाडी वाढली, दूध वाढले, पण ही रेषा जागच्या जागी राहिली, आणि दर वर्षीच्या पगारवाढीने कुणी ना कुणी तिच्या पलीकडे ढकलला जातो. त्या दिवशी कामगार पेढे वाटतो. चालू वर्गणी काळ आणि त्याला जोडलेला लाभाचा काळ संपला की त्याचे कार्ड निकामी होते, आणि तोवर आजारपणाचे ७० टक्के, दीर्घ आजाराचे ८० टक्के आणि अपघाताचे ९० टक्के हे सगळे गेलेले असते. कंपनी त्याऐवजी मेडिक्लेम काढून देते आणि दोन्ही बाजूंना वाटते की सोय झाली. मेडिक्लेम दवाखान्याचे बिल भरतो; किराणा, घराचा हप्ता आणि मुलांची फी भरत नाही. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिने घरी पडलेल्या माणसाचे कुटुंब दवाखान्याच्या बिलाने क्वचित बुडते, ते बुडते न आलेल्या तीन पगारांनी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि विमा व भरपाई या दोन्ही कायद्यांचा आशय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. कायद्यांची पाटी बदलली, पण विमा एका बाजूला आणि भरपाई दुसऱ्या बाजूला ही विभागणी तशीच राहिली.

विम्याबाहेरच्या खासगी कर्मचाऱ्याला आजारपणात उरते ती रजा. कॉलेज रोडवरच्या मोठ्या दुकानांना आणि गंगापूर रोडवरच्या मोठ्या कार्यालयांना लागू असलेला राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा वर्षाला ८ दिवसांची किरकोळ रजा देतो, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस याप्रमाणे भरपगारी रजा देतो. आजारपणाची म्हणून वेगळी रजा त्यात नाही. म्हणजे विश्रांतीसाठी कमावलेली रजा आजारपणात घालवायची, आणि ती संपली की बिनपगारी. याच शहरात राज्य शासनाच्या कार्यालयात बसणाऱ्या लिपिकाला वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, २० दिवस अर्धवेतनी रजा, ती वैद्यकीय दाखल्यावर पूर्णवेतनी करून घेण्याची परिवर्तित रजेची सोय, शिल्लक संपल्यावर अनर्जित रजा, आणि कर्तव्य बजावताना इजा झाली तर २४ महिन्यांपर्यंत विशेष विकलांगता रजा मिळू शकते. शासकीय कर्मचाऱ्याचे हे कमी करावे असे माझे म्हणणे अजिबात नाही. १९८१ साली लिहिलेल्या त्या रजा नियमांत आजारी पडणे ही नोकरीतली नेहमीची घटना मानली आहे, तिच्यासाठी शब्द घडवले आहेत, रकाने आखले आहेत. आमच्या कारखान्याच्या हजेरीपत्रकात आजारपणासाठी रकानाच नव्हता. आजारी माणूस आणि लग्नाला गेलेला माणूस दोघेही एकाच ‘गै.’ खाली जात.

पण रजा आणि पैसा यांपलीकडचा प्रश्न परत येण्याचा आहे, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ म्हणतो की नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येणार नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येणार नाही. आधीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे, आणि तसे पद रिकामे नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येहून जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवावे. याच आशयाची तरतूद १९९५ च्या कायद्यातही होती, आणि कुणाल सिंग या सुरक्षा दलातील शिपायाचा पाय कापावा लागल्यावर त्याला सेवेतून काढले गेले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ती तरतूद ठामपणे लागू केली. त्याला रुग्णता निवृत्तिवेतन मिळते म्हणून त्याचा नोकरीचा हक्क संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हे कलम मात्र फक्त शासकीय आस्थापनांना लागू आहे. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातील कायम कर्मचाऱ्याच्या पाठीशी ते उभे राहते. अंबडच्या प्रेसशॉपमधल्या कामगाराच्या पाठीशी राहत नाही. खासगी आस्थापनेने समान संधी धोरण करावे एवढेच कायदा सांगतो, आणि ते धोरण बहुतेक ठिकाणी एक चांगल्या कागदावर छापलेले पान असते.

विमा कायद्यात संरक्षण आहे, पण ते आजारपणाच्या काळापुरते. लाभ घेत असताना मालकाने कामावरून काढू नये, असे तो म्हणतो. तात्पुरत्या अपंगत्वात सहा महिन्यांहून अधिक सलग गैरहजेरी झाली, तर नोटीस देऊन सेवा संपवण्याची वाट नियमांत ठेवलेली आहे. मणक्याला मार बसलेला किंवा हाताच्या तीन शस्त्रक्रिया झालेला माणूस सहा महिन्यांत उभा राहीलच असे नसते. म्हणजे ज्याची इजा जास्त, त्याचे संरक्षण तो बरा होण्याआधीच संपते.

इथे टक्क्यांचा आणखी एक घोळ आहे. विम्याच्या वैद्यकीय मंडळाचा टक्का कमाईच्या क्षमतेचा असतो. जिल्हा रुग्णालयातून मिळणाऱ्या दिव्यांग प्रमाणपत्रावरचा टक्का शरीराच्या अवयवाच्या कार्याचा असतो. दोन्ही वेगळ्या कामांसाठी काढलेले असतात, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे, आणि एका बोटावर ती कधीच पूर्ण होत नाही. मात्र भेदभाव करू नये, ही त्याच कायद्याची तरतूद ४० टक्क्यांची अट घालत नाही; दीर्घकाळ टिकणारी आणि इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्यात अडथळा आणणारी उणीव असणे त्याला पुरते. कार्यालयांत मात्र पहिला प्रश्न ‘चाळीस आहेत का?’ हाच असतो, आणि ३५ वाला माणूस तिथूनच परत फिरतो. प्रेसच्या आवाजाने बहिरेपणा आलेल्यांचे तर बोलायलाच नको. आवाजामुळे येणारा श्रवणदोष व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती कामावरची इजाच आहे. पण माझ्या कारकिर्दीत त्यासाठी एकही अर्ज माझ्या टेबलावर आला नाही. वीस वर्षे प्रेसवर काढलेला माणूस मोठ्याने बोलतो, एवढीच त्याची नोंद होते.

लघुउद्योजकांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी हलका मानत नाही. बारा माणसांच्या शेडमध्ये एक ऑपरेटर आठ महिने नसेल तर त्याची जागा रिकामी ठेवून ऑर्डर कशी द्यायची, असे ते विचारतात. परंतु विम्यात असलेल्या कामगाराला कामावर इजा झाली, तर त्या आठ महिन्यांचे वेतन त्यांना द्यायचे नसते, विम्याने द्यायचे असते. त्यांनी जपायचा असतो तो फक्त परतीचा हक्क, आणि तोपर्यंत बदली कामगार घेण्याला कुणाची हरकत नाही. दुसरा आक्षेप खोट्या दाखल्यांचा. खोटे दाखले येतात, मीही पाहिले आहेत, आणि शेतीच्या हंगामात त्यांची संख्या वाढते हेही खरे आहे. मात्र ते येण्याचे एक कारण असे की खरी गरज सांगून रजा मागितली तर ती मिळत नाही. आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजा नाकारलेला माणूस स्वतःच्या कावीळीचा दाखला आणतो. दाखला तपासण्याची व्यवस्था नीट करावी, पण काही लबाडांमुळे आजारपणाची रजाच कायद्यात नसावी, हा न्याय तिकीट न काढणाऱ्यांमुळे बसच बंद करण्यासारखा आहे.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. वेतनमर्यादा एकदा वाढवून पुन्हा नऊ-दहा वर्षे विसरून जाण्यापेक्षा ती महागाई निर्देशांकाला बांधावी, आणि मर्यादा ओलांडणाऱ्याला निदान अपघात आणि दीर्घ आजार यांच्या लाभापुरते वर्गणी भरून योजनेत राहू द्यावे. भरपाईच्या हिशेबातली १५,००० ची भिंत काढून खरे वेतन धरावे. आणि ठरावीक संख्येहून अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांना २०१६ च्या अधिनियमातले नोकरी टिकवण्याचे कलम लागू करावे. अधिसंख्य पदाची अपेक्षा त्यांच्याकडून करता येणार नाही हे मला मान्य आहे, पण जमेल असे दुसरे काम शोधले होते का, हे लेखी सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येते. जर्मनीत वर्षभरात सहा आठवड्यांहून अधिक आजारी राहिलेल्या कर्मचाऱ्याशी, तो कामावर कसा परतेल याविषयी बोलणी करण्याचा प्रस्ताव मालकाने ठेवलाच पाहिजे असा कायदा आहे. त्यात नोकरीची हमी नाही, पण बसून बोलणे सक्तीचे आहे. आपल्याकडे हे बोलणे होतच नाही, कारण ते कुणाचेच काम नाही.

बरा झालेला कामगार विम्याच्या डॉक्टरांकडून फिट सर्टिफिकेट घेऊन टाइम ऑफिसच्या खिडकीशी येत असे. त्यावर पुष्कळदा खाली एक ओळ असे: ‘काही काळ हलके काम द्यावे.’ मी ते सर्टिफिकेट फाइलला लावत असे आणि हजेरीपत्रकात त्या तारखेपुढे ‘ह.’ लिहीत असे. स्टोअरमध्ये, तपासणीच्या टेबलावर, गेज मोजण्याला एक बोट कमी असलेला माणूस चालला असता. पण ती ओळ सुपरवायझरला दाखवावी असा कोणताही नियम नव्हता, आणि दुपारपर्यंत तो पुन्हा त्याच प्रेससमोर उभा असे.